कोकोचं झाड आणि मागचं दार

घानातल्या कोनोंगो गावात न्वामा मिस्त्रीचं घर कुठे असं विचारलं, की माणूस आधी जरासा हसायचा आणि मग हात लांब करून पत्ता सांगायचा. हसण्याचं कारण एवढंच की हा गवंडी गेली तीस वर्षं गावातले संडास आणि न्हाण्या बांधत आला होता. चर्चचा मनोरा बांधणाऱ्याला लोक बोट करून दाखवतात. संडास बांधणाऱ्याचं तसं होत नाही. काम चांगलं झालं तर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, बिघडलं तर मात्र चार आळ्यांना कळतं. न्वामा म्हणायचा, की मला हे अंगवळणी पडलंय. त्याच्या या बोलण्यावर आपण फारसा विश्वास ठेवू नये.

उंची बेताची, डावा गुडघा उकिडवं बसून बसून आखडलेला आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. कामात त्याचा एकच हट्ट होता, तो म्हणजे फरशीचा उतार. बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठेही न थबकता मोरीच्या तोंडाशी गेलं पाहिजे. कुणाच्या मयताला गेला तरी सगळं गाव काळ्या-तांबड्या कपड्यांत मृताकडे बघत रडत असायचं आणि हा अंगणातली फरशी न्याहाळत बसायचा. त्याची बायको सेर्वा बाजारात धुरी दिलेले मासे विकायची. तिची जीभ तिच्या मासळीपेक्षा तिखट होती.

“मी मेले की तोंडाकडं तरी बघ हं माझ्या,” ती म्हणायची. “नाहीतर बसशील उतार मोजत.”

“तुझ्या वेळी फरशी मीच घालीन,” न्वामा म्हणायचा. “मग बघण्यासारखं काही राहणार नाही.”

मोटार-स्टँडमागचं न्हाणीघर अडोमाको घराण्याचं होतं, आत न्हाण्या आणि संडास दोन्ही. पैसे द्यायचे आणि वापरायचं. आसपासच्या चार आळ्यांमधल्या बहुतेक घरांना स्वतःची न्हाणी नव्हती, त्यामुळे सकाळी सगळे बादल्या घेऊन तिकडेच निघत. मागच्या बोळात केळींच्या सावलीत एक दार होतं. तिथे एनो बिरागो नावाची म्हातारी टेबल टाकून बसायची, पैसे घ्यायची, कागद द्यायची. या दाराने आत गेलेला माणूस बाहेर पडायचा तो मात्र पुढच्या दाराने, थेट मोठ्या रस्त्यावर. पन्नास वर्षं हे असंच चाललं होतं आणि का चाललंय हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

मग अडोमाकोंचा थोरला मुलगा एकोणीस वर्षं हॅम्बुर्गमध्ये काढून परत आला. अशा माणसाला गावात बोर्गा म्हणतात. भर उन्हात कातडी जाकीट घालायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हॅम्बुर्ग आणायचा. बापाचं कळकट न्हाणीघर बघून त्याने नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्याच दिवशी न्वामाला बोलावून घेतलं.

“मिस्त्री, हे मागचं दार कशाला ठेवलंय?”

न्वामाने डोकं खाजवलं. “जुन्या काळी आत घाण असायची. लोकांना लाज वाटत असणार. म्हणून बोळातून.”

“मग आता घाण राहणार नाही, तर लाज कसली? माझे लोक पुढून येतील, ताठ मानेनं. हॅम्बुर्गमध्ये कुणी मागून जातं का?”

ताठ मानेनं हा शब्द न्वामाला फार आवडला. त्याच्या धंद्याबद्दल असा शब्द आजवर कुणी वापरला नव्हता. त्याने हिशेब मांडला. मागचं दार आणि तिकडची वाट बुजवली तर चार खण जास्तीचे बसत होते. पुढे एक प्रशस्त खोली निघत होती, डावीकडे बायकांची बाजू, उजवीकडे पुरुषांची, मधे हात धुवायची भांडी आणि भिंतभर आरसा. न्वामाच्या स्वतःच्या घरी न्हाणी-संडास होता. या न्हाणीघरात तो आजवर गेला होता तो फक्त हातात थापी घेऊन, दुपारचा. सकाळी तिथे काय चालतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि आपण पाहिलेलं नाही हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

दाराच्या जागी विटा रचायला सुरुवात झाली तेव्हा बिरागो म्हातारी दातवण चावत बाजूला येऊन उभी राहिली.

“दार बुजवतोयस?”

“हो एनो. तुम्हाला आता पुढं पंख्याखाली बसायचंय.”

“पंखा काय करायचाय मला? हे सकाळचं दार आहे.”

“आता सकाळ-संध्याकाळ एकच दार.”

म्हातारीने दातवणाचे धागे थुंकले. “तू मिस्त्री. तुला जास्त कळतं.”

आमच्याकडच्या म्हाताऱ्या असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ नेमका उलटा असतो, हे न्वामाला माहीत होतं. पण त्या दिवशी त्याचं डोकं दुसऱ्याच गोष्टीत गुंतलेलं होतं. दार बुजवल्यावर पुढच्या खोलीत शिरताच समोर एक कोरी भिंत तयार होणार होती, बारा फूट रुंद. अडोमाकोला तिथे पांढऱ्या लाद्या हव्या होत्या. तीस वर्षांत न्वामाने गिऱ्हाइकाकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्याने पहिल्यांदा मागितलं.

“ही भिंत मला द्या. मजुरी नको.”

त्याच्या घरामागे तुटक्या लाद्यांची पोती होती. प्रत्येक कामावरून तो रंगीत तुकडे उचलून आणायचा, आणि सेर्वा रोज त्या पोत्यांना ठेचकाळून नवऱ्याचा उद्धार करायची. त्या तुकड्यांतून न्वामाने भिंतीवर कोकोचं झाड उभं केलं. त्याच्या बापाने सगळा जन्म दुसऱ्याच्या कोकोच्या बागेत राबून घालवला होता, स्वतःचं एक झाड त्याला लाभलं नाही. न्वामाने तपकिरी तुकड्यांचं खोड केलं, पाच तऱ्हेच्या हिरव्यांची पानं केली आणि खोडाला थेट लगडलेली फळं, काही पिवळी, काही पिकून तांबूस झालेली. बाकीचं न्हाणीघर सहा आठवड्यांत उरकलं. त्या एका भिंतीला अकरा दिवस लागले.

उद्घाटनाला पास्टर आले, प्रार्थना झाली, थंड बाटल्या फुटल्या. चारही आळ्या झाडासमोर गर्दी करून उभ्या होत्या. कुणी फळाला बोट लावून बघत होतं. निवृत्त हेडमास्तर ओबेंग गावात सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनी न्वामाचा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, “मिस्त्री, तुम्ही गावाला शोभा आणलीत.” त्या दिवशी न्वामा सुखावला, अगदी मनापासून सुखावला. एरवी लोक ज्या कामावरून नजर फिरवतात, त्याच कामाकडे आज सगळे बघत होते.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी न्हाणीघर रिकामं पडायला लागलं.

दुपारी ठीक चालायचं. कुमासीकडून, आक्राकडून येणाऱ्या गाड्यांचे प्रवासी उतरायचे, आंघोळ करायचे, आरशात टाय नीट करायचे. पण सकाळी चार आळ्यांतली माणसं बादल्या उचलून जुने रेल्वेरूळ ओलांडायची आणि शाळेपलीकडच्या मोडक्या संडासाकडे जायची. तिथे छप्पर गळत होतं आणि कड्या निघालेल्या होत्या. म्हातारी माणसंसुद्धा तेवढं अंतर चालत होती.

न्वामा भेटेल त्याला विचारू लागला.

“कसं आहे नवं न्हाणीघर?”

“फार सुंदर. झाड तर काय, वा.”

“मग दिसत नाही तुम्ही सकाळचे?”

“येऊ की. येऊ.”

याच्यापुढे कुणी बोलेना. कोनोंगोत शहाणा माणूस संडासाविषयी बोलत नाही. ‘जरा मागं जाऊन येतो’ एवढं म्हणतो, आणि ऐकणारा दुसरीकडे बघतो. तक्रार करायची तर शब्द हवेत, आणि या बाबतीत भल्या माणसाकडे शब्दच नसतात. न्वामाने उतार तपासला, नळ तपासले, कड्या, वारा यायच्या खिडक्या, वास. सगळं चोख होतं. कुठे घोडं पेंड खातंय हे त्याला समजेना.

अडोमाकोचा धीर सुटला. “महिनाअखेरपर्यंत बघतो,” तो म्हणाला. “सकाळचं गिऱ्हाईक आलं नाही तर याचं सिमेंटचं गोदाम करतो. संडास उखडायचे आणि पोती रचायची.”

न्वामा मान हलवून घरी आला. त्या संध्याकाळी त्याने फुफूचा गोळा रश्श्यात नुसताच फिरवत ठेवला. न्वामाने बांधलं आणि दोन महिन्यांत उखडावं लागलं, असं एकदा गावात झालं की पुढे त्याला कोण बोलावणार होतं? या वयात त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

त्यातच घरच्या संडासाचा खड्डा भरला. उपसायला येणारी टँकरची गाडी बिघडून पडली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“सगळ्या गावाची सोय केलीस,” सेर्वा म्हणाली, “आता घरच्यांनी कुठं जायचं तेवढं सांग.”

ती माहेरच्या आळीत, आईच्या शेजारणीकडे सोय होती तिथे गेली. न्वामा उजाडता उजाडता उठला, तोंडही न धुता खांद्यावर टॉवेल टाकला, उजव्या हातात बादली घेतली आणि आपण बांधलेल्या न्हाणीघरात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून निघाला. बिरागो पुढच्या दारात पंख्याखाली शाल लपेटून बसली होती. तिने मान वर न करता कागद पुढे सरकवला. न्वामाने तो डाव्या हातात धरला आणि आत पाऊल टाकलं.

त्याच क्षणी बायकांच्या बाजूने त्याची सासू बाहेर आली.

मामे अचिया सत्तरीची होती, अंगाने ताठ, गावात मान असलेली बाई. चार आळ्यांतली एवढी एकच व्यक्ती रोज सकाळी या न्हाणीघरात येत होती, आणि तेही केवळ ते जावयाने बांधलं म्हणून. कुणी नसेल अशा वेळी, सगळ्यांच्या आधी यायची. आता ती न्हाऊन, धुतलेलं कापड नेसून समोर उभी होती आणि दोघांमध्ये सहा फुटांचं अंतर होतं.

ज्याने तोंड धुतलेलं नाही आणि जो ‘मागं’ निघालाय त्याने कुणाला नमस्कार करायचा नाही, आणि त्याला कुणी करायचा नाही. तेवढ्यापुरता तो माणूस तिथे नाहीच असं सगळ्यांनी धरायचं. उलट, सासू समोर आली तर जावयाने थांबून, खांद्यावरचं कापड उतरवून आधी नमस्कार केलाच पाहिजे. या दोन्ही गोष्टी न्वामाला आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या होत्या. फक्त त्या दोन्ही एकाच वेळी, एकाच खोलीत त्याच्यासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. नजर वळवावी म्हटलं तर एका भिंतीवर आरसा होता आणि त्यात पुन्हा सासूच होती, शिवाय हातात बादली आणि कागद घेतलेला तो स्वतः.

“माच्ये, आई,” सकाळचा नमस्कार त्याच्या तोंडून निघून गेला.

बिनधुतल्या तोंडाचा नमस्कार स्वीकारावा तर विटाळ, आणि जावयाला उत्तर देऊ नये तर अपमान. म्हातारीने डोळे मिटले. तिने वळून तोंड भिंतीकडे केलं, त्या कोकोच्या झाडाकडे, आणि कापडाचा पदर डोक्यावर ओढून चाचपडत दाराबाहेर गेली. न्वामा ज्या कामासाठी आला होता ते काम पोटातल्या पोटात जिरून गेलं.

मग त्याला सगळं कळलं. बोळातून येणाऱ्याला बाहेर पडणारा कधी दिसतच नव्हता. स्वच्छ माणूस मोठ्या रस्त्यावर जाऊन हवा तेवढा नमस्कार-चमत्कार करायला मोकळा होता. प्रवाशांना या खोलीत काही अडचण नव्हती, ते कुणाचे कोण होते? अडचण होती ती गावाला, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाचा मामा नाहीतर सासरा होता.

तो बाहेर येऊन बिरागोसमोर उभा राहिला.

“एनो, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं. सकाळचं दार आहे म्हणाले.”

“नीट फोड करून सांगायचं.”

“काय फोड करू? हेडमास्तर बादली घेऊन कसे दिसतात ते मी बोलून दाखवू? तीस वर्षं मान खाली घालून कागद देतेय मी. माझ्यासमोरून या गावातला एकही माणूस कधी गेलेला नाही, समजलं? कोर्टातसुद्धा हेच सांगेन.”

न्वामा घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सेर्वा कमरेवर हात ठेवून उभी.

“माझ्या आईला तिथं नमस्कार केलास?”

“तोंडातून गेला.”

“बावीस वर्षं संसार केला, दोन शब्द बोल म्हटलं तर जीभ उचलत नाही. आणि उचलली ती कुठं, तर तिथं.”

रिवाजाप्रमाणे बिरागोला मध्यस्थ घालून जिनची बाटली सासूकडे पाठवली. बाटली ठेवून घेतली गेली. निरोप आला, की मी काही ऐकलेलं नाही, कुणी मला काही म्हटलेलं नाही, जावई माझा गुणाचा आहे. त्या खोलीत मात्र मी परत पाय ठेवणार नाही.

न्वामाने टेप घेतला. मागच्या बाजूला दार काढायचं तर कुठे? डाव्या अंगाला मैल्याची टाकी होती. उजव्या अंगाला बेकरीची भिंत चिकटून होती. राहिली मधली जागा, जिथे जुनं दार होतं. तिथे आता खोड होतं आणि खालची सगळी फळं. त्याने चार वेळा माप घेतलं, जणू पाचव्या मापाला भिंतीला दया येईल. भिंत जेवढी होती तेवढीच निघाली.

“मधे पडदा लावू,” अडोमाको म्हणाला.

“पडद्यानं माणूस झाकतो. वाट एकच राहते.”

“हॅम्बुर्गमध्ये तर—”

“तिथं सकाळी कोण कुणाला ओळखतं?”

 अडोमाको झाडाकडे बघत जरा मऊ आवाजात म्हणाला, “बघ मिस्त्री. गोदाम केलं तर हे राहील. पुढं पोती येतील, पण राहील. तुझं काम आहे, तू सांग.”

न्वामा त्या दिवशी बराच वेळ झाडासमोर उलट्या बादलीवर बसून होता. गोदाम झालं तर नाव जाणार होतं, पण झाड वाचत होतं. सिमेंटच्या पोत्यांमागे का होईना, कधीतरी कुणी पोती हलवली असती आणि म्हटलं असतं, हे कुणी केलं? त्याला वाईट वाटत होतं, आणि ते कुणापाशी बोलण्यासारखंही नव्हतं. संडासातल्या भिंतीसाठी रडणारा माणूस लोकांना कसा समजावून सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने छिन्नी-हातोडा काढला.

निदान फळं तरी सबंध निघावीत म्हणून आधी तो कडेकडेने हलक्या हाताने ठोकत राहिला. एकही निघालं नाही. त्याने ती इतकी पक्की बसवली होती, की प्रत्येक फळाचे तीन-तीन तुकडे झाले. दुपारपर्यंत त्याने प्रयत्न केला, मग घण उचलला. संध्याकाळी बोळातला उजेड आत आला. चौकटीच्या वर एक फांदी उरली होती. ती त्याने पांढऱ्या लाद्यांनी झाकून टाकली, अर्धवट काम त्याला बघवत नसे. उंबरा बसवला, येणारा आणि जाणारा एकमेकांना दिसू नयेत अशी मधे आडभिंत घातली, उतार दिला, पाणी ओतून पाहिलं. बिरागोने आपलं टेबल स्वतः ओढत केळींखाली नेलं आणि पंखा सोडून दिला.

सोमवारी उजाडल्यावर न्वामा बोळाच्या कडेला उरलेल्या विटांवर जाऊन बसला. कुणी येईल याची त्याला खात्री नव्हती. सेर्वाने न्याहारीला दिलेलं केंके, मक्याचा पानात बांधलेला गोळा, त्याने उघडलंही नव्हतं.

आधी बेकरीतला माणूस आला. मग दोन बायका, मग आणखी कुणी. उद्घाटनाला त्याचा हात हातात घेणारे हेडमास्तर ओबेंग आले, बनियनवर, बादली घेऊन. चार हातांवरून गेले, आणि तिथे विटाच आहेत अशा नजरेने गेले. कुणी मान हलवली नाही. कुणी भिंतीबद्दल, झाडाबद्दल, दाराबद्दल अक्षर काढलं नाही. बिरागो खाली बघत कागद सरकवत होती.

शेवटी मामे अचिया आली. छातीपर्यंत कापड गुंडाळलेलं, तोंड न धुतलेलं, बादलीची कडी हातात करकरत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ती एक सकाळ सोडली तर तिने जावयाची विचारपूस केल्याशिवाय एकदाही पाऊल पुढे टाकलं नव्हतं. न्वामाने पटकन केळीच्या पानांकडे तोंड फिरवलं. ती इतक्या जवळून गेली की बादलीतलं पाणी हिंदकळून दोन थेंब त्याच्या पायावर पडले.

ती थांबली नाही. तिने त्याला पाहिलंच नव्हतं. ती सरळ आत गेली. पानांकडे बघता बघता न्वामाचे डोळे भरून आले, आणि इतका आनंद त्याला उद्घाटनाच्या दिवशीही झाला नव्हता.